कारल्याचा वेल आणि देवळाचे दार

सौंसर तालुक्यातील आमच्या बोरगावाहून पूर्वेस गेले की पेंचचे अरण्य लागते. त्याचे नाव काढताच सुशिक्षित मनुष्य ‘मोगलीचा मुलूख’ म्हणून मोकळा होतो. रुडयार्ड किपलिंगने ‘जंगल बुक’ १८९४ साली प्रसिद्ध केले. सिवनीचा हा प्रदेश त्याने स्वतः पाहिला नव्हता, असे त्याचे अभ्यासक सांगतात. तो काही दोष नव्हे. कल्पनाशक्तीला परवाना लागत नाही.

दोष वेगळा आहे, आणि ‘दुसऱ्या जंगल बुका’तील (१८९५) एका प्रसंगात तो गुणासकट दिसतो. मोगलीच्या सूडापायी उभी पिके गमावलेले गावकरी देवापुढे गाऱ्हाणे घालून थकतात आणि अखेर रानातल्या एका गोंड मुखियास बोलावतात. कोणता नैवेद्य दाखवावा, असे त्यास विचारतात. गोंड एक शब्दही बोलत नाही. रानकारल्याचा वेल तोडून तो देवळाच्या दारावर, तांबड्या मूर्तीच्या डोळ्यांदेखत, आडवा गुंफतो. कान्हीवाड्याच्या वाटेच्या दिशेने रिकाम्या हवेत हात ढकलतो, आणि रानात निघून जातो. जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीपुढे हात जोडणाऱ्या आम्हा भाविकांस हे दृश्य रुततेच. तथापि ह्याच गावाने मेसुआला चेटकीण ठरवून जाळावयास काढले होते, हे विसरून तो प्रसंग वाचता येत नाही. सबंध पुस्तकात ह्याहून कसदार जागा मला आढळली नाही.

परंतु ह्या गोंडाला नाव नाही. अस्वलाला बल्लू, अजगराला का, कोल्ह्यालासुद्धा तबाकी हे नाव आहे. ज्याच्या वाडवडिलांना लेखक स्वतःच ह्या भूमीचे मूळ धनी म्हणतो, त्याला मात्र नाव नाही, घर नाही, उद्याच्या भाकरीची विवंचना नाही. देवगडचे गोंड राजघराणे, त्यातला नागपूर वसविणारा बख्त बुलंद, ह्यांची तर वार्ताही नाही. मुका द्रष्टा ही लेखकाला मोठी सोयीची व्यक्तिरेखा. ती काही मागत नाही.

पुढे खरे आदिवासी मागावयास आले. पेंचच्या राष्ट्रीय उद्यानातून विस्थापित झालेल्यांना तोतलाडोहच्या जलाशयात मासेमारीचे ३०५ परवाने दिले गेले, त्यावर वाद झाला. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने वनरक्षणास अग्रस्थान देऊनही त्यांच्या उदरनिर्वाहाची दखल घेतली आणि आग पेटवू नये, कचरा टाकू नये अशा अटी घातल्या. त्या रूक्ष निकालपत्रात एकाही वाघाचे वर्णन नसेल, पण माणसे जेवतात हे त्यास ठाऊक आहे. किपलिंगच्या गोंडाच्या हाती धनुष्य आहे, केसांत विषारी बाण खोवलेले आहेत; त्या संध्याकाळी त्याच्या घरी चूल पेटली की नाही, हे कथा सांगत नाही.