कॅमेरा कुणाच्या हातात?

हॅम्प्टनचे फोटो बघतोय. अमेरिकेत व्हर्जिनियात १८६८ साली ही शाळा निघाली, गुलामीतून सुटलेल्या काळ्यांच्या पोरांना मास्तर करायला. १८७८ पासून तिथं अमेरिकेतले आदिवासीही आले. फ्रान्सिस बेंजामिन जॉन्स्टन या गोऱ्या बाईनं १८९९-१९०० मध्ये हे फोटो काढले, पॅरिसच्या प्रदर्शनात मांडायला. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं त्यातले ४४ पुस्तकात छापले.

फोटो देखणे आहेत. ताठ पाठी, नीटनेटके कपडे, जिना बांधणारे सहाजण. पण कॅमेऱ्याकडे बहुतेक कुणी बघत नाही. शिस्त दिसते, माणूस बोलत नाही. पोरं शिकताहेत ती स्वतःसाठी. फोटोत मात्र ती दुसऱ्याच्या उपकाराचा पुरावा झालीत.

अमेरिकन इतिहासाच्या तासाचा फोटो तर फारच खुपतो. पिसांचा टोप घातलेला आदिवासी वर्गापुढं उभा. समोर काळी आणि आदिवासी मुलं त्याला निरखताहेत. ज्याची जमीन लुबाडली तो जिवंत माणूस इतिहासाचा नमुना, आणि ज्यांचे आईबाप बाजारात विकले गेले ते प्रेक्षक! एका दबलेल्यानं दुसऱ्या दबलेल्याकडं मालकाच्या डोळ्यांनी बघायचं, हाच तो धडा.

मित्रांनो, १९७२ मध्ये दलित पँथरनं नाव घेतलं ते ब्लॅक पँथरवरून. तेव्हा हे फोटो परक्यांचे म्हणून बाजूला सारू नका. आपल्या बोर्डिंगांचे, वसतिगृहांचे फोटोही असेच तपासा. कुणी काढला? कुणाला दाखवायला? आणि ओळखणारी म्हातारी माणसं आहेत तोवर, पोरांची नावं मागच्या बाजूला लिहून घ्या.