पहिल्या घोटाचा निवाडा

गेल्या नाताळच्या सप्ताहात वाशी येथील एका कुटुंबात आम्ही भोजनास गेलो होतो. (वाशी म्हणजे नवी मुंबईतील नव्हे, धाराशिव जिल्ह्यातील आमचे तालुक्याचे गाव.) नाशिकला नोकरीस असलेल्या थोरल्या चिरंजीवाने तांबड्या वाईनची बाटली आणली होती. ती फ्रीजमधून निघाली, बूच उघडले गेले आणि पहिला पेला मानाने आमच्यापुढे आला. एक घोट घेऊन आम्ही म्हणालो, "तुरट आहे हो! आपल्या मराठवाड्याच्या जिभेला हे मानवायचे नाही." सगळे हसले. मग कोणीच पेला उचलला नाही. त्या मुलाने उरलेली वाईन एका रुंद तोंडाच्या जगात ओतून बाजूला ठेवली.

तासाभराने, केवळ भिडेखातर, आम्ही पुन्हा चव पाहिली. मघाचा उग्र दर्प ओसरला होता, पिकल्या जांभळासारखा गंध वर आला होता आणि तुरटपणा असूनही बोचत नव्हता. पुस्तकांची परीक्षणे लिहिताना 'घाईने मत देऊ नये' असे इतरांना बजावणारे आम्हीच ना?

बाटलीत कोंडलेल्या वाईनला कधी कधी गंधकयुक्त वायूंचा वास असतो. हवा लागली की तो उडून जातो आणि फळांचे गंध मोकळे होतात. यालाच वाईनला श्वास घेऊ देणे म्हणतात. नुसते बूच काढून हे साधत नाही. बाटलीच्या गळ्याशी हवेला जागा ती किती? ती रुंद भांड्यात ओतावी लागते. शिवाय थंडाव्याने तुरटपणा अधिक जाणवतो, म्हणून त्या तासात वाईनला हवेइतकाच उबेचाही गुण आला असावा. आणि आमची जीभ तरी निष्पक्ष कुठे होती? वेदीवरचा द्राक्षारस बहुधा गोड असतो. रोजच्या त्या सवयीचे माप आम्ही या परक्या पाहुणीला लावले.

तथापि, थांबणे हा सर्वत्र लागू पडणारा नियम नव्हे. जुनी, नाजूक वाईन हवेत ठेवली तर थोड्याच वेळात आपला गंध गमावून बसते. एमील पेनो या फ्रेंच वाईनशास्त्रज्ञाने तर सरसकट हवा देण्याच्या प्रथेवर टीकाच केली आहे. वेळ दिल्याने निकाल फिरतोच असेही नाही. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाईन-व्यापाऱ्याने फ्रेंच परीक्षकांपुढे नावे झाकून फ्रान्सच्या व कॅलिफोर्नियाच्या वाईन ठेवल्या. तांबड्या आणि पांढऱ्या, दोन्हींत कॅलिफोर्निया पहिली आली. आमच्या तांबड्या वाईनला मुरायला वर्षे लागतात, असा फ्रेंचांचा आक्षेप होता, आणि तो गैरवाजवी नव्हता. तीस वर्षांनी, २००६ साली, त्याच तांबड्या वाईन पुन्हा चाखल्या गेल्या. पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे! पण या वेळी आक्षेपाला जागा उरली नाही, आणि हेच त्या तीस वर्षांचे मोल.

गालीलातील काना गावच्या लग्नात भोजनकारभाऱ्याने चव घेतली तेव्हा रस कोठून आला हे त्यालाही ठाऊक नव्हते. नाव झाकून घेतलेलीच परीक्षा ती! मतही त्याने तत्काळ दिले. पण ते वराला बोलावून, त्याच्यापाशी. आम्ही मात्र भरल्या पंगतीत बोललो. धर्मगुरूने थट्टेत उच्चारलेला शब्दही घरात निकालासारखा पडतो, हे इतक्या वर्षांत आमच्या ध्यानी यायला हवे होते.

दुसरा घोट घेतल्यावर आम्ही त्या मुलाच्या आईला म्हणालो, "बाई, आम्ही चुकलो. वाईन चांगली आहे. बोलवा त्याला."

"तो मघाशीच रात्रीच्या एस.टी.ने गेला, फादर," त्या म्हणाल्या. "आणखी दोन बाटल्या आणल्या होत्या, त्याही परत घेऊन गेला."