आम्हीही इतिहास घडवला : कार्यकर्तीच्या चरित्राचा घाट

स्त्रियांच्या आत्मपर लेखनाचा विचार करताना मराठी समीक्षेने बहुधा एकच कसोटी हाताशी धरली आहे. लेखिका स्वतःच्या अंतर्मनाशी कितपत प्रामाणिक राहिली, हा तिचा प्रश्न असतो. 'स्मृतिचित्रे'सारख्या कृतीला ही कसोटी शोभून दिसते. परंतु जिचे आयुष्य सभा, ठराव, निवेदने, वस्तीतला नळ आणि वस्तीतली शाळा यांतच खर्ची पडले, तिच्या चरित्राला ती लावली की ते चरित्र रुक्ष ठरते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथाच्या वाट्याला असेच काहीसे आले. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाचा संदर्भग्रंथ म्हणून त्याला मान मिळाला. वाङ्मयीन कृती म्हणून मात्र त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. प्रस्तुत लेखात ती बाजू पाहावयाची आहे.

शीर्षकापासूनच आरंभ करणे इष्ट. 'आम्ही इतिहास घडवला' असे म्हटले असते तर ती केवळ घोषणा झाली असती. 'आम्हीही' म्हणताच इतिहास इतरांच्या नावावर आधीच लागला असल्याची जाणीव प्रकट होते. ते 'इतर' दुहेरी आहेत. दलित स्त्रीला वगळून स्त्रीमुक्तीचा इतिहास सांगणारे जसे त्यात येतात, तसेच स्त्रीला वगळून चळवळीचा इतिहास सांगणारे स्वकीयही येतात. एका अव्ययात दोन तक्रारी मांडण्याचे हे कसब संकलकांना कमावलेले वाटू नये, इतके सहज साधले आहे.

ग्रंथाचा पूर्वार्ध इतिहासकथनाचा आहे, तर उत्तरार्धात कार्यकर्त्या स्त्रियांची मुलाखतींवर आधारलेली चरित्रे येतात. खरे बळ या उत्तरार्धात आहे. येथे एकच आयुष्यक्रम पुनःपुन्हा भेटतो. बालपणीचे दारिद्र्य, लवकर झालेले लग्न, बाबासाहेबांचे एखादे भाषण, सभेला जाणे, इतर बायकांना गोळा करणे आणि हे सारे चुलीपुढचे काम न सोडता. कादंबरीवर पोसलेल्या वाचकाला या पुनरावृत्तीचा कंटाळा येणे शक्य आहे. जात्यावरच्या ओव्यांची ज्याला सवय आहे, त्याला तो येऊ नये. तेथेही तेच दुःख, तोच सासुरवास, तीच माहेरची वाट असते आणि गाणारी बदलली की सुरात काहीतरी किंचित हलते. नागपुरात हमाली करीत दिवस काढलेल्या आणि पुढे मुलींसाठी शाळा उभारणाऱ्या जाईबाई चौधरी व नाशिकच्या शांताबाई दाणी यांच्या जीवनाचा साचा दुरून सारखा दिसतो. त्यांच्या आयुष्यांतले अंतर तपशिलातच कळते.

उणिवाही आहेत. बाबासाहेबांच्या व्यक्तिमत्त्वाचा प्रकाश इतका प्रखर आहे की काही चरित्रांत खुद्द नायिकाच त्यात विरून जाते. घरातल्या पुरुषाशी झालेला झगडा एखाद्या वाक्यात उरकला जातो. हे वगळलेले पुढे 'आयदान'मध्ये (२००३) परतून आले. सभेहून घरी परतलेल्या बाईचे काय होते, हे उर्मिला पवारांनी तेथे स्वतःच्या संसाराच्या निमित्ताने निःसंकोचपणे सांगितले आहे. त्यामुळे हे दोन ग्रंथ जोडीने वाचावेत, असे मला वाटते. पहिल्यात 'आम्ही' बोलते, दुसऱ्यात 'मी', आणि दुसऱ्यातला 'मी' पहिल्यातल्या 'आम्ही'शिवाय उभा राहिला नसता. शांताबाई दाणी यांचे 'रात्रंदिन आम्हा' (१९९०) या दोहोंच्या मधोमध उभे आहे. कथन त्यांचे, शब्दांकन भावना भार्गवे यांचे आणि शीर्षक तुकोबांच्या अभंगातून आलेले.

ग्रंथाचे मर्मस्थान माझ्या मते जुलै १९४२ मधील नागपूरच्या परिषदेत आहे. अखिल भारतीय दलित वर्गाच्या अधिवेशनाला जोडून भरलेल्या या महिला परिषदेच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरण्यांतील व विड्यांच्या धंद्यातील स्त्रियांना रजा आणि निवृत्तिवेतन अशा मागण्या तेथे ठरावरूपाने मांडल्या गेल्या. लोकनियुक्त संस्थांत स्त्रियांना राखीव प्रतिनिधित्व हवे, अशीही मागणी होती. ग्रामपंचायती व नगरपालिका यांत स्त्रियांना एकतृतीयांश जागा देणाऱ्या ७३व्या व ७४व्या घटनादुरुस्त्या संसदेने डिसेंबर १९९२ मध्ये मंजूर केल्या. मधली पन्नास वर्षे लक्षात घेतली की ठरावाची ती कोरडी भाषा वेगळी वाचली जाते. ठराव हाही आत्मकथनाचा एक प्रकार आहे. निवृत्तिवेतन मागणाऱ्या बाईने त्या शब्दामागे किती वर्षांची पाळी ठेवली आहे, हे ओळखणे हे समीक्षकाचे काम होते.

ज्या नागपुरात ही परिषद भरली, ते त्या काळी मध्यप्रांत व वऱ्हाडचे राजधानीचे शहर होते आणि दुर्ग, रायपूर, बिलासपूर हे जिल्हे त्याच प्रांतात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने हा प्रदेश दुभंगला. विदर्भ मुंबई राज्याकडे गेला आणि दुर्ग मध्य प्रदेशात राहिले. त्याच सुमारास दुर्गजवळ भिलाईचा पोलाद कारखाना आकार घेत होता. त्याची पहिली झोतभट्टी फेब्रुवारी १९५९ मध्ये सुरू झाली. देशाच्या अनेक प्रांतांतून तेथे माणसे आली, तशी मराठी कुटुंबेही आली. ग्रंथाचा नकाशा मात्र प्रामुख्याने महाराष्ट्राचाच राहतो. भिलाईकडून वाचू लागलो की ही मर्यादा डोळ्यांत भरते.

भिलाईत स्थानिक राजकारणाचा घाटच निराळा आहे. कारखान्याच्या वसाहतीत घर, पाणी, शाळा आणि दवाखाना ही कारखान्याची जबाबदारी ठरली. नळाची तक्रार नगरसेवकाकडे नव्हे, कारखान्याच्या विभागाकडे करावयाची. मुंबईच्या महापालिकेत १९६१ मध्ये निवडून आलेल्या मृणाल गोरे यांना लोकांनी 'पाणीवाली बाई' म्हटले. त्या नावामागे जाब विचारण्याजोगी एक महापालिका होती. वसाहतीच्या सेक्टरांतल्या बाईला असे नाव मिळणे कठीण. आणि वसाहतीबाहेरच्या कंत्राटी कामगारांच्या वस्त्यांत तर नळाचाच प्रश्न होता. तेथल्या स्त्रियांचे राजकारण संघटनेतून, दारूबंदीतून आणि रस्त्यावरून घडले. कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे जून १९७७ मध्ये झालेल्या गोळीबारात अनसूयाबाई ही कामगार स्त्री बळी पडली. खाणींच्या संपूर्ण यांत्रिकीकरणाला शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेने जो विरोध केला, त्यामागे यंत्र येताच प्रथम स्त्रियांचे काम जाईल, हेही एक कारण होते. नियोगींची भिलाईत २८ सप्टेंबर १९९१ रोजी हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन पंधराहून अधिक माणसे मेली. स्त्रियांना राखीव जागा देणारी घटनादुरुस्ती त्याच वर्षाअखेरीची.

या स्त्रियांचे चरित्र कोणत्या भाषेत लिहिले जावे? नागपूरच्या गिरणी कामगारांच्या पोटी जन्मलेल्या कौसल्या बैसंत्री यांनी, मातृभाषा मराठी असतानाही, 'दोहरा अभिशाप' (१९९९) ही आत्मकथा हिंदीत लिहिली. विद्यार्थिदशेपासून त्या चळवळीत होत्या. 'आम्हीही इतिहास घडवला'मधील पिढीचाच अनुभव तेथे आहे, पण विवाहातला जाच आणि चळवळीतली अपेक्षा एकाच पानावर येतात, आणि येथे 'मी' लपत नाही. मराठी समीक्षा या पुस्तकाला परके मानते, कारण ते हिंदीत आहे. हिंदी समीक्षेला त्यातले नागपूर पुरते ओळखीचे नसते. भिलाईच्या मराठी कार्यकर्तीची वही याच दोन भाषांच्या मधल्या जागेत पडून असणार : सभेची तारीख मराठीत, निवेदनाची प्रत हिंदीत, आणि खाली सह्या व अंगठे.