धूसर रंगांची निषिद्ध भूमी : 'शॅडो ऑफ द कोलोसस'मधील भूदृश्याचा विचार

फँटसी म्हटली की रंगांची उधळण आलीच, असा सर्वसाधारण समज आहे. व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात मात्र याच्या नेमका उलट आग्रहही दिसून येतो. २००८ साली पॅरिस येथे 'डायब्लो ३'ची घोषणा झाली, तेव्हा त्यातील दृश्ये फार रंगीत झाली आहेत म्हणून जुन्या चाहत्यांनी सह्यांची मोहीम हाती घेतली होती. अंधुक रंग म्हणजे गांभीर्य, असे समीकरण या आग्रहामागे होते. ते वरवरचे आहे. रंग काढून घेतल्याने कोणतीही भूमी आपोआप गंभीर होत नाही. राखून ठेवलेला रंग कोठे आणि कशासाठी खर्च केला जातो, हे पाहावे लागते. या दृष्टीने फुमितो उएदा यांनी दिग्दर्शित केलेला, २००५ साली प्लेस्टेशन २ साठी प्रसिद्ध झालेला 'शॅडो ऑफ द कोलोसस' हा जपानी गेम अभ्यसनीय ठरतो.

कथानक अल्प आहे. वाँडर नावाचा तरुण मोनो या मृत मुलीला घोड्यावर घेऊन एका निषिद्ध भूमीत येतो. तिला पुन्हा जिवंत करायचे असल्यास तेथील सोळा महाकाय प्राण्यांचा वध करावा, अशी अट डॉर्मिन ही अदृश्य शक्ती त्याला घालते. या सोळांखेरीज तेथे दुसरा शत्रू नाही, गाव नाही, बोलावयास माणूस नाही. खेळणाऱ्याचा बराच वेळ केवळ घोडदौडीत जातो आणि त्या वेळात त्याच्यासमोर भूदृश्याखेरीज काहीही नसते.

हे भूदृश्य विटलेल्या कापडासारखे आहे. गवत राखेकडे झुकणारे, कडे मातकट, आणि मंदिराबाहेर पडताच उन्हाचा असा झोत की वस्तूंच्या कडा विरघळून जाव्यात. या फिकटपणात दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. तलवार उन्हात धरली असता प्रकाश एकवटतो व पुढच्या प्राण्याची दिशा दाखवितो, ही एक. त्या प्राण्याच्या अंगावर उजळणारी निळसर खूण, ही दुसरी. ही खूण म्हणजे मर्मस्थान. तेथे तलवार खुपसली की काळा द्रव उसळतो. नजर सुखावणारा रंग आणि वधाची जागा या जगात एकच आहे. खेळणारा रंगाच्या ओढीने पुढे जातो आणि त्यापाशी पोहोचून हत्या करतो. प्राणी कोसळल्यावर काळे धागे वाँडरच्या शरीरात शिरतात. वधागणिक त्याची कांती निस्तेज होत जाते. संवाद इतके थोडे आहेत की अपराधाची जाणीव देण्याचे काम मुख्यतः या रंगांवरच पडले आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. प्लेस्टेशन २ ची मुख्य स्मृती अवघी ३२ मेगाबाइट होती; एवढ्या साधनात विस्तीर्ण प्रदेश दाखवायचा तर दूरचे तपशील धुक्यात व प्रखर उजेडात लपविणे सोयीचेच होते. आक्षेप चुकीचा नाही, पण अपुरा आहे. धुके मर्यादेमुळे आले असेल. निळी खूण नेमकी मर्मस्थानी का उजळावी, याचा उलगडा मर्यादेतून होत नाही.

२०१८ साली ब्लूपॉइंट गेम्स या अमेरिकन संस्थेने प्लेस्टेशन ४ साठी नवी आवृत्ती सिद्ध केली. रचना जुनीच, चित्रण मात्र मुळापासून नवे. गवताचे पाते न् पाते वेगळे दिसते, खडकांवर शेवाळ आहे, हिरवा रंग भरघोस आहे. कारागिरी निर्विवाद आहे. रंग फिके करणारे फिल्टर निवडण्याची सोयही तीत आहे. परंतु मूळ कृतीत जी त्या भूमीची अवस्था होती, ती येथे खेळणाऱ्याच्या आवडीची बाब होऊन बसते.

या बदलाची खरी किंमत शेवटच्या प्रसंगात कळते. सोळावा वध होऊन गेल्यानंतर मोनो जागी होते. शिंगे असलेले एक अर्भक तिला मंदिरात सापडते. त्याला कुशीत घेऊन, लंगडणाऱ्या घोड्यासह, ती मंदिराच्या माथ्यावरील बागेत पोहोचते. तेथे हरणाचे पाडस सामोरे येते. मूळ आवृत्तीत अनेक तासांच्या राखाडी प्रवासानंतर ही हिरवळ दिसते, आणि या रंगापाशी कोणालाही मारावयाचे नसते. नव्या आवृत्तीतील खेळणारा मात्र तोवर कितीतरी हिरवळ तुडवून आलेला असतो.