पाच किलोवॅटचा इंधनघट आणि त्याची बाजारपेठ

इ. स. 1959 मध्ये फ्रान्सिस टॉमस बेकन यांनी केंब्रिज येथे पाच किलोवॅट शक्तीचा इंधनघट-संच चालवून दाखविला, तेव्हा विल्यम ग्रोव्ह यांच्या 1839 मधील मूळ प्रयोगाला एकशेवीस वर्षे झाली होती. त्यानंतर साठ वर्षांनी, 26 सप्टेंबर 2019 रोजी, वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या स्थापनादिनी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते नवी दिल्ली येथे जो देशी संच प्रकाशात आला, तोही पाच किलोवॅटचाच. यावरून साठ वर्षांत काहीच घडले नाही, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. बेकन यांच्या घटाला शुद्ध हायड्रोजन व शुद्ध ऑक्सिजन लागत असे. हा संच मेथॅनॉल किंवा जैव मिथेन आणि साधी हवा यांवर चालण्यासाठी योजिलेला आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा व कारैकुडीची केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्था या तीन संस्था आणि पुण्याची थरमॅक्स व मुंबईची रिलायन्स इंडस्ट्रीज या दोन कंपन्या यांच्या सहकार्यातून तो सिद्ध झाला. त्यामुळे त्याच्या गुणदोषांचा विचार पुण्यात होणे उचितच आहे.

संचाचे शास्त्रीय मर्म त्याच्या तापमानात आहे. सामान्य प्रोटॉन-विनिमय पटलाचा घट पाण्याच्या उत्कलनबिंदूखाली चालतो आणि हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचे दशलक्षांत दहाएक भाग असले तरी त्याचा प्लॅटिनम उत्प्रेरक निकामी होऊ लागतो. फॉस्फोरिक आम्ल मुरविलेले पटल वापरल्यास तोच घट 160 अंश सेल्सियसच्या आसपास चालविता येतो, आणि मग शेकडा एकदोन भाग कार्बन मोनॉक्साइडही सोसतो. मेथॅनॉलपासून हायड्रोजन काढताना हा वायू थोडाफार निर्माण होतोच. म्हणून ही सहनशीलता केवळ प्रयोगशाळेतील कौतुकाची बाब नसून शुद्धीकरणाची अवजड यंत्रणा वाचविणारी आहे. येथपर्यंत संशोधकांच्या कामगिरीविषयी दुमत संभवत नाही.

मतभेदाला जागा आहे ती संचाच्या व्यापारी उपयोगासंबंधी झालेल्या प्रतिपादनात. सत्तर टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता, लहान कार्यालये व संगणक-केंद्रे यांना विजेसोबत वातानुकूलन, आणि दूरध्वनीच्या मनोऱ्यांवरील डिझेल जनित्रांना पर्याय, ही त्याची प्रमुख कलमे होती. यांतील सत्तर टक्के हा आकडा वीज व उष्णता यांची बेरीज आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. निव्वळ विजेची कार्यक्षमता 35 टक्के धरली, तर पाच किलोवॅट विजेसोबत सुमारे पाच किलोवॅट उष्णता मिळते. शोषण-पद्धतीच्या साध्या शीतकयंत्राला ती पुरविल्यास साडेतीन किलोवॅट, म्हणजे अवघे एक टन शीतन पदरात पडते. तेवढेच शीतन बाजारातील एक टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे एक किलोवॅट विजेत देते. तात्पर्य, ज्या उष्णतेने कार्यक्षमतेचा आकडा दुप्पट दिसतो, तिचे वातानुकूलनातील मोल विजेच्या एक-पंचमांशाइतकेच ठरते. शोषण-शीतक हा थरमॅक्सच्या हातखंड्याचा व्यवसाय आहे खरा; परंतु तो भरभराटला तो कारखाने, रुग्णालये, मोठ्या इमारती यांच्या शेकडो टनांच्या मागणीवर, एका टनावर नव्हे.

निर्मळपणाच्या दाव्यालाही असेच तासून पाहावे लागते. धूर, काजळी व नायट्रोजनची ऑक्साइडे यांबाबतीत इंधनघट डिझेलहून निःसंशय सरस आहे, आणि रुग्णालयाच्या आवारात ही गोष्ट लहान नाही. परंतु एक किलोग्रॅम मेथॅनॉलमधून जवळजवळ 1.4 किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि वीज मिळते सुमारे 1.9 युनिट, म्हणजे दर युनिटमागे सुमारे 0.7 किलोग्रॅम. लहान डिझेल जनित्र याहून फारसे वाईट नाही. भारतात वापरले जाणारे बहुतेक मेथॅनॉल आयात होते आणि ते मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनते. तेव्हा हवामानाच्या दृष्टीने होणारा लाभ इंधनाच्या उगमावर अवलंबून आहे, घटाच्या रचनेवर नव्हे.

डिझेल जनित्राला प्रतिस्पर्धी म्हणून निवडण्यातच मूळ चूक झाली, असे म्हणणे प्राप्त आहे. हा प्रतिस्पर्धी पुण्याच्याच मातीतला. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 पासून खडकीला आहे, 1962 मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सचा, म्हणजे आजच्या कमिन्स इंडियाचा, कारखाना कोथरूडला उभा राहिला. या इंजिनांचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि ते दुरुस्त करणारा मिस्त्री हाकेच्या अंतरावर असतो. पण याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, वीज गेल्यावर काही सेकंदांत सुरू होणे व एरवी निमूटपणे पडून राहणे हाच जनित्राचा धर्म आहे. उच्च तापमानाच्या घटाला कामाच्या तापमानापर्यंत यावयास बराच अवधी लागतो. वारंवार थंड झाल्यास त्यात पाणी सांद्रित होते आणि पटलातील आम्ल वाहून जाऊ लागते. अहोरात्र चालण्यातच ज्याची कार्यक्षमता, ज्याची उष्णता आणि ज्याचे आयुष्यही सार्थकी लागते, त्याला क्वचित लागणाऱ्या विजेच्या कामाला जुंपणे म्हणजे शर्यतीचा नियम प्रतिस्पर्ध्याकडून घेणे होय.

विश्वासार्ह विजेसाठी पुणेकर पैसे मोजतात की नाही, याचे उत्तर मात्र इतिहासात नमूद आहे. 2006 मध्ये भारनियमन टाळण्यासाठी उद्योगांनी टंचाईच्या वेळी आपली जनित्रे चालवावीत आणि त्याचा वाढीव खर्च, लहान ग्राहकांना वगळून, शहरातील इतर ग्राहकांवर आकारावा, अशी योजना भारतीय उद्योग महासंघाने मांडली, ‘प्रयास’ने तिच्या घडणीत भाग घेतला आणि राज्याच्या वीज नियामक आयोगाने तिला मान्यता दिली. ‘पुणे प्रारूप’ या नावाने ती गाजली. विकेंद्रित विजेची बाजारपेठ येथे निर्माण झाली ती यंत्राच्या कार्यक्षमतेमुळे नव्हे, तर दराच्या आदेशामुळे. आणि टंचाई ओसरल्यावर तिचे प्रयोजनही ओसरले.

परदेशातील अनुभव याच दिशेने बोट दाखवितो. मॅनहॅटनमध्ये उभारलेले 4.5 मेगावॅटचे इंधनघट-केंद्र परवान्यांच्या व चाचण्यांच्या दिरंगाईत इतके रखडले, की घट जुने होऊन ते कधी चाललेच नाही. त्याचे जपानमधील गोई येथील भावंड 1983 मध्ये सुरू झाले. पुढे 1990 च्या दशकात 200 किलोवॅटचा पीसी-25 हा फॉस्फोरिक आम्लाचा संच खरोखर विकला गेला. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने असे तीस संच घेतले, खाजगी ग्राहकांना दर किलोवॅटमागे हजार डॉलर साहाय्य मिळाले, न्यूयॉर्क राज्यातील योन्कर्सच्या सांडपाणी केंद्रात तर तो गटारवायूवर चालला. तरीही तो व्यवसाय 2013 मध्ये दुसऱ्या कंपनीच्या हाती गेला, ती कंपनी पुढच्याच वर्षी दिवाळखोर झाली आणि अखेर कोरियाच्या दूसानने तो विकत घेतला. जपानमध्ये 2009 पासून घरगुती संच विकले जाऊ लागले ते रोजच्या गरम पाण्याच्या स्नानाच्या जोरावर, आणि शासनाच्या घसघशीत अनुदानाने. पुण्यात तीच उष्णता गच्चीवरचा सौर बंब ऊनभर फुकट पुरवितो!

तेव्हा पुण्याच्या संचाला योग्य क्षेत्र शोधावयाचे, तर ते अखंड भार आणि शेजारीच निर्माण होणारा वायू जेथे एकत्र येतात तेथे शोधावे लागेल: सांडपाण्याची केंद्रे, दूधप्रक्रिया, मद्यार्काचे कारखाने. त्यासाठी पाच किलोवॅटवरून शे-दोनशे किलोवॅटकडे जाणे भाग आहे. ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यातच केपीआयटी व परिषद यांनी हायड्रोजनवरील बस सादर केली आणि लोकांचे लक्ष साहजिकच चाकांकडे वळले. स्थिर संचाला तसे प्रेक्षक लाभणे कठीण. त्याची कसोटीही कंटाळवाणी आहे. अशा संचाकडून अपेक्षिले जाणारे किमान आयुष्य सुमारे 40,000 तासांचे असते. ते सिद्ध करावयाचे तर एकच संच एकाच जागी, खऱ्या ग्राहकाच्या आवारात, साडेचार वर्षे अखंड चालवावा लागतो, आणि त्या काळातील नादुरुस्तीचा खर्च कोणी सोसावयाचा हे करारात आधी लिहावे लागते.