पॉइंट, लेक आणि फुगवटा : प्रेक्षणीय स्थळांच्या भाषेविषयी

स्थळांचे वर्णन करणे हा मराठी गद्याचा फार जुना व्यवहार आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’ ही त्याची आरंभीची ठळक खूण होय. पुढे तीर्थमाहात्म्यांनी आणि प्रवासवर्णनांनी तो व्यवहार आपापल्या परीने चालविला. प्रवासवर्णनास साहित्याच्या दरबारात जागा मिळाल्यामुळे त्याला समीक्षक लाभले. ‘काय पाहाल, कोठून पाहाल’ एवढेच सांगणारे पत्रक मात्र समीक्षेच्या उंबऱ्याबाहेर राहिले. वस्तुतः स्थळांविषयी आज सामान्य वाचक जे वाचतो, त्याचा मोठा भाग ह्याच जातीचा असतो. आणि जे सर्वाधिक वाचले जाते त्याची परीक्षा न करणे हे भाषेच्या अभ्यासकास शोभणारे नाही.

गेल्या हिवाळ्यात आप्तांच्या आग्रहास्तव प्रस्तुत लेखकास मावळात, पवना धरणाच्या काठी, दोन रात्री तंबूत काढाव्या लागल्या. ‘लागल्या’ हे क्रियापद शिष्टाचाराचे समजावे. पलंग, गालिचा, दिवाबत्ती आणि स्वतंत्र स्नानगृह अशी सर्व सिद्धता असलेला तो तंबू लेखकाच्या राहत्या घराहून अधिक सुखावह होता. ह्या प्रकारास ‘ग्लॅम्पिंग’ म्हणतात. दोन इंग्रजी शब्दांच्या सांध्यातून झालेला हा शब्द ऑक्सफर्डच्या कोशात २०१६ साली दाखल झाला, आणि मराठीत तो जसाच्या तसा वावरतो. तंबूसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. तंबू आहे, राहुटी आहे, डेरा आहे, शामियाना आहे, पाल आहे. पसरलेल्या झाडाला आपण आजही ‘डेरेदार’ म्हणतो. परंतु त्या मुक्कामावर सर्वत्र ‘टेंट’ हाच शब्द. ह्यात इंग्रजीची हौस असेल. पण तेवढेच कारण नसावे. पाल म्हटले की भटक्यांचे बिऱ्हाड डोळ्यांपुढे येते, आणि ज्याने एका रात्रीचे सहस्रावधी रुपये मोजले त्याला ती आठवण नकोशी वाटणार, हे उघड आहे.

तेथे हाती पडलेले चार घड्यांचे एक पत्रक हा ह्या लेखाचा खरा विषय. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर, भाजे व बेडसे येथील लेणी, एक ‘सनसेट पॉइंट’, ‘लेक व्ह्यू’ आणि ‘जलाशयातील प्राचीन मंदिर’ अशी स्थळांची यादी त्यात आहे. प्रत्येक स्थळाखाली दोन-तीन ओळींचे वर्णन असून शेवटी छायाचित्र कोठून चांगले येईल ह्याची सूचना आहे. मुद्रण स्वच्छ, शुद्धलेखन बऱ्यापैकी.

भाषाशास्त्रात अदलाबदलीची एक साधी कसोटी असते : एका घटकाच्या जागी दुसरा ठेवून पाहावा, अर्थात फरक पडला नाही, तर त्या दोहोंतील भेद त्या भाषेपुरता निरर्थक समजावा. ही कसोटी मी पदव्युत्तर वर्गात ह्या पत्रकास लावली. स्थळांची नावे झाकून वर्णने विद्यार्थ्यांपुढे ठेविली आणि जोड्या जुळविण्यास सांगितले. लेण्यांच्या जोड्या बऱ्याच जणांच्या जुळल्या, कारण तेथे ‘चैत्यगृह’ हा शब्द होता. बाकी सर्व ठिकाणी गोंधळ झाला. ‘नयनरम्य’, ‘विहंगम’, ‘निसर्गाच्या कुशीतील’ ही विशेषणे तुंगाची असोत की विसापूरची, काहीच बिघडत नव्हते. वस्तुतः सुळक्यासारखा वर निघालेला तुंग आणि विस्तीर्ण माथ्याचा विसापूर ह्यांच्याइतके विसदृश किल्ले एका टप्प्यात क्वचित आढळतील.

नावे उघडी केली तरी स्थिती फारशी सुधारत नाही. पत्रकात ‘लोहगड फोर्ट’ असे छापले आहे. ‘गड’ आणि ‘फोर्ट’ ह्यांची ही द्विरुक्ती केवळ अज्ञानाची नव्हे. ह्या भाषेत ‘गड’ हा अवयव आता अर्थवाहक उरलेला नाही, तो नावाचा मुका शेवट झाला आहे, एवढा त्याचा अर्थ. ‘तिकोना’ ह्या नावातील ‘ति-’ हा तिवई, तिठा ह्या शब्दांत दिसणारा संख्यावाचक अंश आहे, आणि गडाचा आकार पाहताच नावाची संगती लागते. ती लावून देण्यास एक ओळ पुरली असती.

परंतु ह्या साऱ्या शब्दसंग्रहात सर्वाधिक विचारार्ह शब्द ‘पॉइंट’ हा होय. त्याचे मराठीतील घर महाबळेश्वर. १८२८-२९मध्ये गव्हर्नर माल्कम ह्याच्या कारकिर्दीत तेथे गोऱ्यांची वसाहत झाली आणि डोंगराच्या टोकाटोकांस नावे पडली. सिंदोळ्याची टेकडी पुढे विल्सन पॉइंट झाली. नाके खिंड ही माल्कमच्या मुलीच्या नावाने केट्स पॉइंट झाली. ‘खिंड’ हा शब्द वाट सांगतो, ‘केट’ काही सांगत नाही, ही तक्रार सर्वांस परिचित आहे व ती रास्तही आहे. मात्र एक गोष्ट आपण विसरतो. मूळ इंग्रजीत ‘पॉइंट’ हा भूरूपाचा वाचक होता : पुढे निघालेले जमिनीचे टोक, मग ते समुद्रात असो वा दरीवर. मुंबईतील ‘मलबार पॉइंट’ ह्याच अर्थाचा आहे. मराठीत आल्यावर ह्या शब्दाने टोक सोडले आणि पाहणाऱ्याची उभे राहण्याची जागा असा अर्थ घेतला. म्हणूनच शहरातील सपाट चौकातही आज ‘सेल्फी पॉइंट’ असू शकतो. हा अर्थ आपण परक्याकडून घेतलेला नाही. तो आपण घडविला आहे.

शब्दाचे व्याकरणही पाहण्याजोगे आहे. महाबळेश्वरी मोटारवाल्याशी भाव ठरविताना ‘किती पॉइंट?’ असा प्रश्न होतो, आणि सायंकाळी ‘आज सात पॉइंट झाले’ असे म्हणतात. जेवण होते, अभ्यासक्रम होतो, देवदर्शन होते. तसाच पॉइंट होतो. सामान्यरूपात मात्र तो अद्याप पाहुणाच आहे. जुन्या पिढीच्या तोंडी ‘स्टेशनावर’ ऐकू येई. ‘पॉइंटावर’ मात्र क्वचितच ऐकू येते, बहुधा ‘पॉइंटवर’च.

इंग्रजी नावांनी देशी नावे गिळली ह्या कथेचा पुढचा भाग सांगितला जात नाही. माथेरानातील पॉर्क्युपाइन पॉइंट आणि महाबळेश्वरातील बॉम्बे पॉइंट ही दोन भिन्न विशेषनामे होती. आज दोहोंस ‘सनसेट पॉइंट’ म्हणतात. म्हणजे परकी विशेषनामेही टिकली नाहीत. सूर्य सर्वत्र मावळतो. तेव्हा ‘सनसेट पॉइंट’ हे विशेषनामाच्या जागी बसलेले सामान्यनाम आहे. पवनेकाठच्या पत्रकातील ‘सनसेट पॉइंट’ कोठला, हे पत्रक हाती असूनही मला काठावरच्या मुलाला विचारावे लागले.

येथे एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. देशी नावेही पाहणाऱ्याच्या कल्पनेतूनच आलेली नाहीत काय? लोहगडाचा ‘विंचूकाटा’ हे नाव वरून पाहणाऱ्यालाच सुचेल. कुरवंड्याजवळच्या ज्या कड्यास साहेबाने वेलिंग्टनच्या नाकाची उपमा दिली, त्यालाच आपण ‘नागफणी’ म्हणतो. तत्त्वतः दोन्ही रूपकेच. आक्षेप खरा आहे. देशी तेवढे सखोल आणि विदेशी तेवढे उथळ, अशी मांडणी म्हणूनच मला मान्य नाही. ‘ड्यूक्स नोज’ हे नाव, कसेही असले तरी, त्या खडकाचे आहे. दुसऱ्या खडकास ते लागणार नाही. उलट, उभे राहण्याच्या जागेस नाव देणे हेही मुळात हीन नव्हे. स्थानपोथीत दुसरे काय आहे? श्रीचक्रधरांचे आसन कोठे झाले, वसती कोठे झाली, ह्यांचीच ती नोंद. परंतु देऊळ कोणत्या मुखाचे, स्थान त्याच्या कोणत्या अंगास, हे ती इतक्या काटेकोरपणे सांगते की, मागाहून येणाऱ्यास त्या जागी पोचता यावे. स्थलवर्णनाची ही दोन कामे : स्थळ इतरांहून वेगळे करून दाखविणे आणि वाचकास तेथे नेणे. पहिले काम पत्रकाने विशेषणांवर सोपविले, दुसरे मोटारीवर.

एवढ्यावर थांबलो असतो तर ही समीक्षा केवळ शैलीदोषांची झाली असती. परंतु पत्रकात एक शब्द असा आहे की, त्याचा परिणाम शैलीपुरता राहत नाही. तो शब्द ‘लेक’. (मराठीत लेक म्हणजे कन्या, ही गंमत पत्रककर्त्याच्या ध्यानी आलेली दिसत नाही.) पवना हे सरोवर नव्हे. १९७०च्या दशकात पुरे झालेल्या धरणाचे ते पाणी आहे, आणि त्याखाली गावांची शेते व घरे आहेत. काठावरचे लोक त्याला ‘धरणाचे पाणी’ किंवा ‘फुगवटा’ म्हणतात. ‘फुगवटा’ ह्या शब्दात पाणी अडविले गेल्याची, ते चढत गेल्याची स्मृती आहे. ‘बुडीत क्षेत्र’ ह्या सरकारी संज्ञेतही ती आहे. ‘लेक’ म्हणताच ते पाणी अनादी होते. मग पुनर्वसनासाठी दीर्घकाळ झगडणारे धरणग्रस्त, आणि ह्याच धरणाचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्धच्या आंदोलनात ९ ऑगस्ट २०११ रोजी गोळीबारात मरण पावलेले तीन शेतकरी, ह्यांचा त्या पाण्याशी संबंध काय, हे पाहुण्यास कळण्याचा मार्गच उरत नाही. पत्रकाने हे सारे सांगावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. ‘धरण’ हा दोन-तीन अक्षरांचा शब्द मात्र कोणाचीही सुटी बिघडविणारा नव्हता.

‘जलाशयातील प्राचीन मंदिर’ म्हणजे वाघेश्वराचे देऊळ. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते उघडे पडते. पत्रकात त्याचे नाव नाही. ‘मावळत्या प्रकाशात छायाचित्रासाठी उत्तम’ एवढेच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूंची व्यवस्था पाहणारा तरुण आम्हांस काठावर घेऊन गेला. त्याची वृद्ध आजी तेथे शेळ्या राखीत बसली होती. हात पाण्याकडे करून तिने आमचे खळे कोठे होते, बांधाची वाट कोठून जाई, हे आम्ही विचारण्यापूर्वीच सांगावयास आरंभ केला. पण तरुणास आम्हांला फोटोची जागा दाखवावयाची घाई होती. “सर, टेंपल पॉइंटवर आता लाइट चांगला मिळेल,” तो मला म्हणाला, आणि लगेच मागे वळून, “आज्जी, वाघेश्वरापाशी शेळ्या सोडू नकोस गं, चिखल आहे.”