‘निमखारे’ की ‘मचूळ’?

गोडे व खारे यांमधील पाण्यास शास्त्रीय लेखनात ‘निमखारे’ ही संज्ञा रूढ आहे. ती सदोष होय. ‘निम’ म्हणजे अर्धे; परंतु सागरजलात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असताना ‘निमखारे’ची मर्यादा सामान्यतः ०.५ भागापासूनच धरली जाते. खाजणाचा बांध फुटून भरतीचे पाणी गोड्या तळ्यात शिरले, तर ते अर्धे खारे होण्यापूर्वीच अनेक बेडूकमासे, जलकीटक व पाणवनस्पती यांचा ऱ्हास होतो. कारण देहातील पाणी व लवण यांचा तोल त्यांना राखता येत नाही. संज्ञेमुळे मात्र संकट दूर असल्याचा भास होतो. लोकभाषेतील ‘मचूळ’ शब्द चव बिघडताच उच्चारला जातो. त्याचा ‘बेचव’ हाही अर्थ आहे, हा आक्षेप खरा. तथापि मर्यादा ठरवून दिल्यास तो दोष उरत नाही. परिभाषेने त्याची उपेक्षा करू नये.